टक्के कशाचे, तेही विचारा

नागपूरजवळच्या वाडीत गोदामांमध्ये माल चढवणारे, अमरावती रोडवर ट्रकच्या धुरात दिवस काढणारे बरेच जण स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकर मारून केलेल्या फुप्फुसाच्या चाचणीचा, कागद पुढे करून विचारतात, “डॉक्टरसाहेब, ७८ टक्केच आले. फुप्फुस गेलं का?”

या ७८ टक्क्यांचा अर्थ २२ टक्के फुप्फुस निकामी झालं, असा नाही. तुमच्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्री वा पुरुषाची सरासरी १०० धरली, तर तुमची फुंकर ७८ भरली, इतकंच.

पण ती निरोगी माणसं कुठली? अनेक मशीनमध्ये हा अपेक्षित आकडा काढायची युरोप-अमेरिकेतली सूत्रं भरलेली असतात. आपले आकडे त्यांच्यापेक्षा कमी येतात, म्हणून काही ठिकाणी अपेक्षित आकडा १० टक्क्यांनी उतरवतात. मग त्याच फुंकरीचे ७८ चे ८७ होतात! मुंबईच्या डॉ. फारुख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निरोगी भारतीयांची मोजमापं प्रसिद्ध केली. २०१२ ची जागतिक सूत्रं ७४ हजारांवर लोकांच्या चाचण्यांवर बेतली, तरी त्यांत भारतीयांसाठी वेगळं सूत्र नाही. म्हणून रिपोर्टवर कोणतं सूत्र वापरलं, ते जरूर विचारा.

सरसकट १० टक्के सूट देणं मला मात्र पटत नाही. लहानपणी पोटभर न मिळाल्यामुळे, चुलीच्या धुरामुळे ज्यांची फुप्फुसं पुरती वाढलीच नाहीत, त्यांची उणीव ‘आपलं असंच असतं’ म्हणून झाकली जाते. जिना चढताना धाप लागत असेल, तर ८७ वर समाधान मानू नका. पहिल्या सेकंदात एकूण हवेचा किती भाग बाहेर पडला, हे गुणोत्तरही दाखवून घ्या. सूत्र बदललं तरी ते फारसं हलत नाही. पंपाचं औषध घेतल्यावरही ते ०.७० च्या खाली राहिलं, तर श्वासनळ्या अरुंद झाल्याचा संशय धरावा लागतो.

उंची चपला काढून तिथेच मोजायला लावा. तोंडी सांगितलेली उंची ५ सेंटिमीटरने जास्त निघाली, तर अपेक्षित आकडा दीड-दोनशे मिलिलिटरने फुगतो आणि धडधाकट माणूस कमी भरतो. चाचणीआधी तासभर धूम्रपान नको, पोट तुडुंब नको. किमान तीन फुंकरी नीट जमायला हव्यात. पहिलीच बिनसली तर लाजू नका, पुन्हा फुंका.

आणि पहिला रिपोर्ट जपून ठेवा. पंचविशीनंतर निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला साधारण २५-३० मिलिलिटर घटते. तुमची त्याहून भराभर उतरते आहे का, हे जुना कागद शेजारी ठेवल्यावरच कळेल. पुढच्या वेळी येताना तो सोबत आणा.