तडकलेले इंजिन

मोर्शीकडे संत्र्याच्या बागा फार. आंबिया बहाराला उन्हाळ्यात पाणी लागते. वीज गेली की डिझेल इंजिन कामी येते. पण तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर बिडाचा ब्लॉक तडकतो. मग तो ठेवावा की भंगारात द्यावा? आम्ही सांगतो त्या खुणा पाहा.

तड्यावर डिझेल लावा. वरून पुसून कोरडे करा. मग खडूची भुकटी लावा. तड्यात मुरलेले डिझेल भुकटीवर ओली रेघ काढते. तडा कुठवर गेला, ते रेघ सांगते.

रेघ बाहेरच्या भिंतीवर, पाण्याच्या पोकळीपुरती असली, तर घाबरायचं नाही. जाणता कारागीर ओळीने भोके पाडून, पिना ठोकून तडा शिवतो. नंतर पाण्याचा दाब देऊन गळते का, ते पाहावे.

तडा बेअरिंगच्या बैठकीत गेला असेल, तर तो ब्लॉक वापरू नये.

तेल ताकासारखे पांढरे झाले, तर त्यात पाणी शिरले आहे. इंजिन लगेच बंद करा. कधी दोष नुसत्या गास्केटचा असतो. म्हणून आधी उघडून पाहा.

मिस्त्री म्हणेल, “चालून जाईल.” आपण विचारावे, “भाऊ, तडा कुठं आहे?” ऐन वैशाखात इंजिन बसलं, तर बाग वाळते.