टेकडीवरची टाकी

वाचण्यापूर्वी

सुट्टीत भारतात गेल्यावर आजीच्या घराची गच्ची पाहिली असेल. तिथे पाण्याची मोठी टाकी असते. टाकीत पाणी कोण चढवतं? टाकी उंचावरच का ठेवतात? दोन वाक्यांत सांगा आणि मग धडा वाचा.

धडा

भारतात बऱ्याच ठिकाणी नळाला दिवसातून एक-दोन तासच पाणी येतं. तेव्हा पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात. नंतर दिवसभर कुणीही नळ सोडला, की पाणी आपोआप खाली येतं. आलेलं पाणी साठवायचं आणि लागेल तेव्हा वापरायचं, एवढी साधी गोष्ट.

पण वीज कशी साठवणार? मोबाईलची वीज बॅटरीत साठते. अख्ख्या शहराची वीज साठवायची, तर बॅटरी केवढी लागेल! अमेरिकेतल्या इंजिनिअर लोकांनी यावर गच्चीच्या टाकीसारखाच उपाय केला.

मिशिगन राज्यात लडिंग्टन नावाचं गाव आहे. गावाजवळ, लेक मिशिगनच्या काठी एक टेकडी आहे. १९६९ ते १९७३ या काळात त्या टेकडीवर एक प्रचंड तळं बांधलं. ते सुमारे अडीच मैल लांब आणि एक मैल रुंद आहे. त्यात २,७०० कोटी गॅलन पाणी मावतं.

रात्री लोक झोपतात, तेव्हा विजेला मागणी कमी असते. पण मोठी वीजकेंद्रं चटकन बंद करता येत नाहीत. मग ती जास्तीची वीज वापरून लेक मिशिगनचं पाणी टेकडीवर चढवतात. दिवसा मागणी वाढली, की तेच पाणी सहा मोठ्या नळांतून खाली सोडतात. पाण्याच्या जोराने टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते. हे काम काही मिनिटांत सुरू होतं.

गंमत म्हणजे, पंप आणि टर्बाइन अशी दोन वेगळी यंत्रं तिथे नाहीत. एकच यंत्र एका दिशेने फिरलं की पाणी चढवतं आणि उलट दिशेने फिरलं की वीज देतं.

वर्गात हा धडा घेतला, तेव्हा एका मुलीने विचारलं, "दादा, पाणी वर चढवायला किती वीज लागते?"

"समज, १०० युनिट वीज खर्च केली, तर सुमारे ७० युनिट परत मिळते."

"मग हा तर तोटाच झाला!"

तिचं बरोबर आहे. विजेचा तोटा होतोच. पण रात्रीची वीज स्वस्त असते, कारण ती कुणाला नको असते. उन्हाळ्याच्या दुपारी सगळीकडे एसी चालू असतात, तेव्हा तीच वीज महाग असते. आता सूर्य आणि वारा यांपासूनही वीज मिळते. वारा काही आपल्याला विचारून वाहत नाही! म्हणून वीज साठवण्याची गरज वाढली आहे.

सुरुवातीला लडिंग्टनच्या सहा यंत्रांची एकूण क्षमता १,८७२ मेगावॅट होती. चाळीस वर्षांनी एकेक यंत्र उघडून त्याचं जुनं चाक बदलायला घेतलं. नव्या चाकाच्या पात्यांचा आकार सुधारला होता. त्यामुळे प्रत्येक यंत्राची क्षमता सुमारे ५० मेगावॅटने वाढली. तळं तेच, टेकडी तीच. तरी एकूण ३०० मेगावॅटची भर पडली.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पाणी वर खेचताना त्याच्याबरोबर मासेही खेचले जात आणि यंत्रात सापडून मरत. कोळी आणि निसर्गप्रेमी लोक चिडले. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १९८९ पासून तिथे पाण्यात सुमारे अडीच मैल लांब जाळं लावू लागले. हिवाळ्यात बर्फामुळे ते काढून ठेवावं लागतं. जाळ्यामुळे बरेच मासे वाचतात, सगळे नाही.

महाराष्ट्रातही असा एक प्रकल्प आहे: घाटघर. वरचं तळं सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात आहे. खालचं तळं कोकणाच्या बाजूला, शहापूर तालुक्यात आहे. २००८ पासून तिथली दोन यंत्रं मिळून २५० मेगावॅट वीज देऊ शकतात. अशा प्रकल्पाला मराठीत 'उदंचन' म्हणतात. लडिंग्टनला पाणी सुमारे ११० मीटर खाली येतं, घाटघरला सुमारे ४०० मीटर. उंची जवळजवळ चौपट, म्हणून तेवढ्याच पाण्यातून वीजही जवळजवळ चौपट मिळते. सह्याद्रीच्या कड्यांचा असाही उपयोग!

शब्दार्थ

क्षमता – काम करण्याची ताकद
मागणी – लोकांना हवं असणं
पातं – पंख्याला असतो तसा चपटा भाग (अनेकवचन: पाती)
उदंचन – पाणी वर उचलणे
माथा – डोंगराचा सर्वांत वरचा भाग
तोटा – नुकसान (उलट शब्द: फायदा)

भाषेकडे लक्ष द्या

पाणी चढतं. पंप पाणी चढवतो.
चाक फिरतं. पाणी चाक फिरवतं.
पहिल्या वाक्यात काम आपोआप होतं. दुसऱ्या वाक्यात कुणीतरी ते करतं. आता 'साठणे – साठवणे' आणि 'वाचणे – वाचवणे' वापरून अशीच वाक्यं लिहा. सावधान! 'मासा वाचतो' म्हणजे तो पुस्तक वाचत नाही, तो जिवंत राहतो.

स्वाध्याय

१. लडिंग्टनला पाणी रात्री का चढवतात?
२. नवं चाक बसवल्यावर काय फरक पडला?
३. १,००० लिटर पाणी ११० मीटर खाली आलं, तर सुमारे ०.३ युनिट वीज मिळते. १ युनिट म्हणजे १,००० वॅटचं यंत्र एक तास चालवणारी वीज. मग ०.३ युनिटवर १० वॅटचा दिवा किती तास जळेल? तळं एवढं मोठं का लागतं, ते आता सांगा.
४. घरी चर्चा करा: वीज हवी आणि मासेही जगायला हवेत. तुम्ही इंजिनिअर असतात, तर काय केलं असतं? आई-बाबांचं मत विचारा आणि पाच वाक्यं लिहून आणा.