जुन्या पिकअपचे दमलेले पाटे : दुरुस्ती आणि दक्षता



शेतीच्या पानावर आपण बी-बियाणे, खते व जनावरे यांविषयी वाचतो. पण माल बाजारात पोचवणाऱ्या गाडीकडे आपले लक्ष ती बंद पडल्यावरच जाते. म्हणून आजचा पाठ गाडीच्या पाट्यांविषयी आहे. गुजरातीत याच पाट्यांना कमान म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका बागायतदाराची जुनी जीप-पिकअप कोबीची पोती भरून गोरव्याकडे येत होती. मागचा मोठा पाटा पूर्वी तुटला होता, तो त्यांनी वेल्डिंग करून घेतला होता. खड्ड्यात चाक आदळताच पाटा पुढच्या डोळ्याशी पुन्हा तुटला, मागचा धुरा सरकला आणि गाडी आडवी होऊन चारीत गेली. पोत्यांवर तीन मजूर बसले होते. देवकृपेने खरचटण्यावर निभावले. वाचलेले वेल्डिंगचे पैसे किती, आणि गमावले असते ते किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पाटा काम कसे करतो?

मुंबईत १९४७ साली महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातील जुन्या जीप व पिकअप गाड्यांना पाट्यांचे संच असतात. सर्वांत लांब तो मोठा पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा चासीला जखडलेला असतो, तर दुसरा शॅकलवर झुलतो, कारण ओझ्याखाली सपाट होताना पाटा लांबतो. खालचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. मधला सेंटर बोल्ट सर्वांना एकत्र ठेवतो व धुऱ्याची जागा ठरवतो. यू-बोल्ट संचाला धुऱ्याशी आवळून धरतात.

पाट्याचे पोलाद साधे नसते. त्यात सिलिकॉन व मँगनीज असते. ते तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा बेताने तापवून त्याला पाणी देतात. त्यामुळे ते वाकते आणि पुन्हा मूळ जागी येते. वेल्डिंगच्या किंवा गॅसच्या झोताने तापलेल्या जागी हे पाणी उतरते. तेथे पोलाद कुठे मऊ, तर कुठे ठिसूळ होते. म्हणून तुटलेला पाटा जोडायचा नसतो, बदलायचा असतो.

पाटे का थकतात?

पहिले कारण जादा ओझे. ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे होत नाही, त्याहून पुष्कळच कमी होते. दुसरे कारण गंज. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ६ मि.मी. जाडीचा पाटा झिजून ५ मि.मी. झाला, तर त्याचा ताठपणा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. शिवाय गंजाच्या खड्ड्यातूनच तडा सुरू होतो. तिसरे कारण ढिले यू-बोल्ट. त्यांमुळे सेंटर बोल्ट तुटतो व पाटे मधोमध मोडतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बसलेला पाटा मऊ झालेला असतोच असे नाही. पुष्कळदा त्याचा बाक हरवलेला असतो. गाडी खाली बसते आणि लहानशा खड्ड्यातही धुरा रबरी ठोकळ्यावर आदळतो.

तपासणी

रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. चारही चाकांत योग्य हवा भरा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक दिसला तर त्या बाजूचे पाटे, बुश व शॅकल पाहा. चालती गाडी मागून पाहताना तिरकी जात असेल, तर सेंटर बोल्ट तुटून धुरा सरकल्याची शंका घ्यावी.

दुरुस्तीचा क्रम

१. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गाडी उचलून चासी मजबूत घोड्यांवर टेकवा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. धुऱ्याला वेगळा जॅक द्या.

२. संच काढल्यावर तो व्हाइसमध्ये किंवा मोठ्या क्लॅम्पने आवळा, मगच सेंटर बोल्ट सोडा. नाहीतर पाटे उसळून हात-तोंड फोडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

३. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासा. मग रॉकेलने धुऊन कोरडा पुसा व त्यावर खडूची पूड लावा. थोड्या वेळाने जेथे ओली रेघ उमटेल तेथे तडा आहे. वरची बाजू, भोके आणि खालच्या पाट्याच्या टोकाने पडलेले चर नीट पाहा. जवळपास विस्तव नको.

४. तडकलेला किंवा फार झिजलेला पाटा बदला. चांगल्या पाट्याचा बाक गेला असेल, तर पोलाद तापवण्याची भट्टी व तेलाचा हौद असलेल्या कारखान्यातच तो परत घ्या. थंड ठोकून दिलेला बाक बहुधा फार टिकत नाही. काम दोन्ही बाजूंचे एकदमच करावे.

५. जोडताना पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट व बुश नवे घाला. जुना यू-बोल्ट ताणलेला असतो. सेंटर बोल्टचे डोके धुऱ्याच्या भोकात बसले की नाही ते पाहा.

६. यू-बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के करा. शंभरेक किलोमीटरनंतर सर्व पुन्हा आवळा.

पुष्कळ जण ‘एक पाटा वाढवून द्या’ म्हणतात. त्याने गाडी उंच दिसते, पण धुरा, ब्रेक, टायर व चासी तेवढ्याच ताकदीचे राहतात. रिकामी गाडी मात्र जास्त हादरते.

आरोग्याची बाजू

रोजचे हादरे चालकाच्या कमरेला व मणक्याला भोवतात. पाठदुखीवर मलम चोळण्याबरोबर गाडीचे बुशही तपासावेत. गंजलेल्या लोखंडाने जखम झाल्यास साबण-पाण्याने धुऊन दवाखान्यात जावे व धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे. वापरलेले इंजिन ऑइल पाट्यांवर ओतू नये. ते रबर बिघडवते आणि त्वचेलाही अपाय करते. आणि मालाच्या गाडीत पोत्यांवर माणसे बसवू नयेत.

समारोप

हाताच्या कामाला वडोदऱ्यात जुना मान आहे. महाराज सयाजीरावांनी १८९० साली येथे कलाभवन काढले. आज गोरव्यात आय.टी.आय. आहे. घरातील मुलाला हातकामाची आवड असेल तर त्यात कमीपणा मानू नये. सातव्या शतकातील महागुरुस्वामी संत एलिजियस स्वतः सोनार होते. ते धातुकाम करणाऱ्यांचे आश्रयदाते असून १ डिसेंबरला त्यांचा सण येतो. त्या दिवशी प्रार्थनेबरोबर गाडीखाली एकदा वाकून पाहण्याची सवय लावली, तर तीही शेजाऱ्यावरची प्रीतीच होय. आपल्या गाडीवर भरवसा ठेवून रस्त्याने दुसरेही चालत असतात.

उजळणीसाठी प्रश्न

१. तुटलेला पाटा वेल्डिंग का करू नये?
२. सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी काय करावे?
३. आपल्या गाडीचे यू-बोल्ट शेवटचे कधी आवळले?