मोप्सेनचा शोध

स्वीडन देशात व्हेस्तर्योटलांड नावाचा जुना प्रांत आहे. तेथील शेतकरी फार पूर्वीपासून गुरे वळण्यासाठी एक ठेंगणा कुत्रा पाळीत. अंग लांबट, पाय आखूड, कान ताठ आणि रंग लांडग्यासारखा करडा. एखादी गाय रेंगाळू लागली की तो मागून धावत जाई व तिच्या घोट्यापाशी हळूच दात लावी. गाईने चिडून लाथ झाडलीच, तर ती त्याच्या डोक्यावरून जाई. कारण तेवढ्यात तो भुईला चिकटलेला असे. उंच कुत्र्याला हे कसे साधावे?

पुढे हे कुत्रे दिसेनासे झाले. काउंट ब्यर्न फॉन रोसेन यांना मात्र बालपणी पाहिलेल्या या कुत्र्यांचा विसर पडला नव्हता. १९४२ साली, युरोपात महायुद्ध पेटलेले असता, त्यांनी शोध आरंभिला. कार्ल-गुस्ताव सेतर्स्तेन हे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. वारा नावाच्या गावाभोवतालचा सपाट मुलूख त्यांनी धुंडाळला. अखेर मोप्सेन नावाचा एक नर आणि व्हिवी, लेसी व टॉप्सी या तीन माद्या मिळाल्या. एवढ्याशा बियाण्यावर सारी जात उभी करावयाची होती! तरी पुढच्याच वर्षी स्वीडनच्या श्वानसंघाने या जातीची नोंद केली.

आज तिची पिल्ले इंग्लंड-अमेरिकेतही वाढतात. गंमत अशी की, एकाच वेतातील कोणा पिलाला लांब शेपूट असते, कोणाला आखूड, तर कोणाला मुळीच नसते.