पॉली शॉर्ट्सचा चढ

दक्षिण आफ्रिकेत दर्बान आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांदरम्यान 'कॉम्रेड्स' नावाची जी शर्यत पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली सुरू झाली, तिचे अंतर सुमारे ९० किलोमीटर आणि मुदत १२ तासांची. मुदत संपताच अंतिम रेषेवरचा अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो, आणि जो एका सेकंदाने मागे राहिला त्याच्या पदरी पदक पडत नाही. दर्बानहून निघणाऱ्यास शेवटचा मोठा चढ, पॉली शॉर्ट्सचा, लागतो तो सुमारे ८० किलोमीटर तुडवून झाल्यावर.

या चढणीच्या वाटेने मी धावलो तो एका 'बस'मधून. ठरलेल्या वेळात पोहोचवण्याची हमी घेणाऱ्या अनुभवी म्होरक्यामागे चालणाऱ्या घोळक्याला तिकडे हे नाव आहे. आमचा म्होरक्या पहिल्या तासातच, सर्वांच्या अंगी भरपूर जोम असताना, ठराविक अंतराने सर्वांना चालायला लावी. पुष्कळजण कुरकुरत पुढे निघून गेले, आणि त्यांतले कित्येक दुपारी पॉली शॉर्ट्सच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभे असलेले आम्हांला भेटले.

हे दृश्य मला नवे नव्हते. पूर्वी एका कचेरीत मी दुय्यम अधिकारी असताना जुन्या खातेवह्या संगणकावर चढवण्याचे काम निघाले, मुदत वर्षाची. आमचे वरिष्ठ मोठे कर्तबगार. पहिल्या दोन महिन्यांतच निम्मे काम हातावेगळे करण्याचा चंग बांधून त्यांनी रजा बंद केल्या, रात्री उशिरापर्यंत माणसे बसवली, आणि आरंभीच्या अहवालांतील आकडे पाहून मुख्यालयाकडून शाबासकीचे पत्रही आले. परंतु नोंदी चढवणे हा कामाचा सखल भाग होता. खरा चढ रुजवातीचा. एकाने वही वाचायची, दुसऱ्याने पडद्यावरच्या रकमेशी ताडून खूण करायची. जुन्या हस्ताक्षरात ९ आणि १ यांचे वळण इतके सारखे, की वाचणाऱ्याचे डोळे शिणलेले असले म्हणजे ९० रुपयांचे १० व्हायला क्षणाचाही विलंब लागत नसे, आणि तोवर शिणलेले नव्हते असे डोळे कचेरीत उरलेच नव्हते. ज्या वृद्ध कारकुनाला ते वळण बिनचूक लागे, तो दिवाळीपासूनच अंथरुणाला खिळला होता. रुजवात पुन्हा पुन्हा करावी लागली, मुदत टळली. शाबासकीचे पत्र मात्र फायलीत सुरक्षित राहिले.

उपमा फार ताणू नये, हेही खरे. धावणारा हौसेने धावतो आणि मनात येईल तेव्हा थांबतो. कारकुनाला ती मुभा नाही. शिवाय धावणाऱ्याची दमणूक त्याच्या पावलांत दिसते, कचेरीतली 'होय साहेब'च्या आड लपते. माणसे शंका विचारीनाशी झाली, की ती दमली असे खुशाल समजावे.

म्हणून ज्यांच्या हाती माणसे आणि मुदत दोन्ही सोपवलेली आहेत, त्यांनी आधी कामाचा शेवटचा चढ कोणता ते शोधावे आणि वेग त्यावरून ठरवावा. कॉम्रेड्सच्या वाटेवर मधल्या मुदतीही असतात, आणि त्यांतली एखादी हुकलेल्याला तेथेच शर्यतीबाहेर काढतात. आपल्याकडे ती हुकली तर 'पुढील महिन्यात भरून काढू' असा शेरा पडतो, आणि पुढचा महिना बिचारा आधीच भरलेला असतो. त्याऐवजी कोणता भाग गाळावा, किंवा कोणाकडे जाऊन मुदत वाढवून मागावी, याचा निर्णय त्याच आठवड्यात करावा. मागे पडलेली मिनिटे आमच्या म्होरक्याने एका दमात वसूल न करता उरलेल्या साऱ्या वाटेवर वाटून टाकली होती. आणि आरंभीच्या महिन्यांत कोणी रजेचा अर्ज केला, तर कामाच्या निकडीची सबब सांगून तो फेटाळण्यापूर्वी रुजवातीच्या वेळी हाच माणूस लागणार आहे का, एवढे पाहावे. लागणार असेल, तर अर्जावर त्याच दिवशी सही करावी.