मदत करायची आहे, पण कुठे?

प्रश्न : आम्ही पंडरीत राहतो. सोसायटीतल्या काही कुटुंबांना सेवाकार्य करायचं आहे. जुने कपडे गोळा करून सुरुवात करावी का?
– एक वाचक, रायपूर

उत्तर : कपडे गोळा करण्याआधी गरज विचारा. जुन्या कपड्यांचे ढीग निवडण्यातच संस्थांचा वेळ जातो. त्यांना अनेकदा माणूस हवा असतो : हिशेब लिहिणारा, मुलांना गणित शिकवणारा, रुग्णासोबत बसणारा.

पहिली भेट चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाला द्या. १९३५ पासूनच्या या संस्थेत मराठीतून बोलता येईल आणि शहरातल्या इतर संस्थांची ओळखही होईल. जीई रोडवरच्या रामकृष्ण मिशन विवेकानंद आश्रमातही चौकशी करा. जिल्हा रुग्णालय तर तुमच्या पंडरीतच आहे. तिथे परस्पर वॉर्डात न जाता आधी प्रशासनाची परवानगी घ्या.

मग सोसायटीत एक तक्ता करा : कोण, कोणता वार, किती तास, काय येतं. महिन्याला दोनच तास द्या, पण ते चुकवू नका. मुलांसोबतच्या कामासाठी संस्थेने ओळखपत्र किंवा पोलीस पडताळणी मागितली, तर रागावू नका; ती चांगल्या संस्थेची खूण आहे.

पैसे देताना नोंदणी क्रमांक पाहा आणि पावती घ्या. जुन्या करप्रणालीत ८०जी सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांवरची देणगी रोख देऊ नका.

रक्तदान करायचं असेल, तर दोन वेळांत पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचं अंतर ठेवावं.