मळी निघते, लोखंड निघत नाही

चि. ओंकार यास,


ॲल्युमिनियमचा रस साफ करायला कोणती पावडर टाकू, असं विचारतोस. सांगतो, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. मिठाने मळी सुटते. रसात विरघळलेलं लोखंड, तांबं, जस्त घरच्या भट्टीत कशानेच निघत नाही. खरी सफाई भट्टी पेटवायच्या आधी, भंगाराच्या ढिगापाशी बसून करायची.

थंड पेयांचे डबे नकोत. पत्रा पातळ, वर रंग. बराच माल मळीतच जातो. खिडक्यांच्या सेक्शनचा रस साच्यात नीट पळत नाही. जुने पिस्टन, स्कूटरचं क्रँककेस घे. ते मुळात ओतीवच, त्यातल्या सिलिकॉनमुळे रस कानाकोपऱ्यात पोचतो. मात्र रिंगा, स्टड, बुश आधी काढ, चुंबक फिरव. एखादा भाग फारच हलका लागला तर कानशीने घासून व्हिनेगरचा थेंब टाक. बुडबुडे आले तर ते मॅग्नेशियम, बाजूला ठेव. पेटलं की पाण्याने उलट भडकतं.

तेलकट माल धुऊन भट्टीच्या कडेवर कडकडीत तापव. ओला तुकडा रसात बुडाला तर वाफेसरशी रस अंगावर येतो. चेहऱ्यावर ढाल नसेल तर भट्टी पेटवूच नकोस, आणि ओतायचं ते कोरड्या वाळूवर, काँक्रीटवर नाही. शिवाय ओलाव्यातला हायड्रोजन रसात शिरतो. गोठताना त्यातला जेमतेम विसावा भाग आत मावतो, बाकीचा छिद्रं पाडतो. म्हणून वितळलेला माल 750 अंशांच्या वर नेऊ नकोस (शुद्ध ॲल्युमिनियम 660 ला वितळतं), उगाच ढवळू नकोस.

आता मीठ. खायचं मीठ एकटं 801 अंशांना वितळतं. त्यात साधारण तितकंच पोटॅशियम क्लोराइड मिसळलंस की मिश्रण ॲल्युमिनियमच्या आसपासच वितळतं. तव्यावर कोरडं भाज, किलोला दहा-पंधरा ग्रॅम रसावर भुरभुरव, तापवलेला झारा हलकेच फिरव. मळी राखाडी, भुसभुशीत झाली की काढ. चकचकीत लगदा दिसला तर धातू अजून तिच्यात अडकलाय, थांब. मूस ग्रॅफाइटची घे. लोखंडी डबा रसात हळूहळू विरघळतो आणि ओतीव ठिसूळ होतं.

कारखान्यात आम्ही रसातून नायट्रोजन सोडतो. बाजारात गॅस काढायच्या गोळ्या मिळतात, पण त्यांचा धूर विषारी. घरी अजिबात नको.

आधी नुसत्या लाद्या ओत. एक करवतीने मधोमध काप, कानशीने घास, आत छिद्रं किती ते कळव. साच्याचं मग बघू.

तुझा,
काका